पहिल्या बेसकडे जाणारा थ्रो: एका सेकंड बेसमनच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशाचे आहे

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला एक सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक. १९९७ मध्ये त्याने उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळवला आणि तीन वर्षांत, ऐन भरात असताना, पहिल्या बेसकडचा साधा थ्रो त्याला जमेनासा झाला. २००० नंतर तो सेकंड बेसवर परत उभा राहिला नाही. संघ, सामने आणि आकडे सार्वजनिक नोंदीतले आहेत. खेळाडूचा उल्लेख मात्र इथे फक्त 'सेकंड बेसमन' असा आहे, कारण हीच वेळ याआधी इतरांवर आली होती आणि पुढेही येईल. त्या वेळी कोणते निर्णय घेतले गेले आणि ते कधी घेतले गेले, एवढ्यापुरताच हा अभ्यास आहे.

पार्श्वभूमी

मिनेसोटा ट्विन्सने त्याला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्याच फेरीत निवडले. कॉलेजात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळायचा, ट्विन्सने त्याला सेकंड बेसवर आणले. १९९१ मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्याच मोसमात .२८१ सरासरी (म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींत २८१ यशस्वी फटके, हिट) आणि २५ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता पळून गाठलेले पुढचे बेस), अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित हा किताब, आणि त्याच वर्षी संघाचे वर्ल्ड सीरिज (अंतिम मालिका) विजेतेपद.

पुढची वर्षे चढतीची होती. १९९६ मध्ये सरासरी .३४१, बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .४४८ आणि १४० धावा. १९९७ मध्ये ६२ बेस चोरले आणि गोल्ड ग्लोव्ह मिळाला. डावाची सुरुवात करणारा, चेंडू जोखून पाहणारा, बेसवर गेला की पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सतत अस्वस्थ ठेवणारा असा हा खेळाडू होता. त्याच्या हातात काही दोष होता असे तोवर कोणाच्याही मनात आले नव्हते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने त्याला घेतले. बदल्यात चार तरुण खेळाडू आणि ३० लाख डॉलर दिले. त्या चारांपैकी पिचर एरिक मिल्टन आणि शॉर्टस्टॉप क्रिस्टियन गुझमन पुढे ट्विन्सचा कणा झाले. म्हणजे यांकीजने मोठी किंमत मोजली होती, आणि एवढी किंमत मोजून आणलेल्या खेळाडूला जागेवरून हलवायला कोणताही संघ कचरतो. पुढच्या दोन वर्षांतली दिरंगाई समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हा थ्रो नेमका कसा असतो

बेसबॉल न खेळलेल्या वाचकाला प्रश्न पडेल: एवढ्या जवळून चेंडू फेकता येत नाही म्हणजे काय? म्हणून आधी थ्रोचीच फोड करू.

दोन बेसमधले अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर. सेकंड बेसमन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये, रेषेच्या थोडा मागे उभा असतो, त्यामुळे पहिल्या बेसकडचा त्याचा नेहमीचा थ्रो १५ ते २५ मीटरांचा. चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम. उजव्या हाताने खेळणारा बॅटर होम प्लेटवरून पहिल्या बेसवर साधारण ४.३ सेकंदांत पोहोचतो, चेंडू त्याआधी तिथे पोहोचला तर तो बाद. साधा ग्राउंडर (जमिनीवरून आलेला फटका) सेकंड बेसमनपर्यंत यायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात, चेंडू ग्लोव्हमधून हातात घेऊन पाय रोवायला एक सेकंद, आणि ताशी ९०-१०० किलोमीटरच्या थ्रोला पाऊण सेकंद. एकूण साडेतीन सेकंद. पाऊण सेकंद शिल्लक राहतो.

हा शिल्लक पाऊण सेकंदच घात करतो.

शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसमनला लांबून फेकायचे असते. त्यांना पूर्ण ताकद लावावी लागते, पाय, कंबर आणि खांदा आपोआप एका लयीत येतात. सेकंड बेसमनला ताकद रोखून, कोपर आखडून, मनगटाच्या अंदाजाने चेंडू सोडावा लागतो. ढोबळ हिशोब करून पाहा. चेंडू सुटताना हाताचा वेग सेकंदाला २६-२७ मीटर असतो, त्यामुळे हात एका सहस्रांश सेकंदात साधारण दोन अंश फिरतो. बोटे दोन सहस्रांश सेकंद लवकर सुटली तर चेंडूची दिशा चारेक अंशांनी बदलते, आणि २० मीटरवर ही चूक सुमारे १.४ मीटरची होते. फर्स्ट बेसमन पाय बेसवर ठेवून मीटरभरच वाकू किंवा ताणू शकतो. म्हणजे थ्रो गेलाच.

एवढी बारीक वेळ कोणी विचार करून साधत नाही. हजारो वेळा केलेली हालचाल शरीर एकसंध पार पाडते. खेळाडू चूक टाळण्यासाठी त्या हालचालीचे तुकडे पाहू लागला, पकड बरोबर आहे का, कोपर वर आहे का, आता सोडू का, की तुकड्यांमधले सांधे निखळतात. गोल्फ आणि बेसबॉलमध्ये या अवस्थेला यिप्स म्हणतात. गोल्फपटूंचा अभ्यास करणाऱ्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तिचा एक पट्टा मांडला आहे: एका टोकाला स्नायूंवरचे नियंत्रण बिघडवणारा मज्जासंस्थेचा दोष, दुसऱ्या टोकाला दडपणाखालची घसरण, आणि बरेच रुग्ण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

या प्रकरणात एक खूण ठळक होती. सूर मारून अडवलेला चेंडू, धावत पळत केलेला थ्रो, डबल प्लेमध्ये (एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना) अंगावर येणाऱ्या रनरला चुकवून फेकलेला चेंडू, असे अवघड थ्रो तो नीट करायचा. सरळ अंगावर आलेला सोपा ग्राउंडर घेतला आणि हातात वेळ उरला की चेंडू भरकटायचा. हात दुखावलेला असता तर आधी अवघड थ्रो बिघडले असते.

अडचण कशी वाढत गेली

१९९८ चा मोसम यांकीजसाठी अपूर्व होता, ११४ विजय. सेकंड बेसमनची सरासरी .२६५ वर घसरली होती, पण १७ होम रन (मैदानापार गेलेले फटके) आणि ११७ धावा होत्या. एरर (क्षेत्ररक्षणातल्या नोंदवलेल्या चुका) १३. काळजीचे कारण दिसत नव्हते.

त्या वर्षीच्या लीग अजिंक्यपद मालिकेत, क्लीव्हलँडविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये एक बंट (बॅट नुसती टेकवून हळू मारलेला चेंडू) पडला. फर्स्ट बेसमन टिनो मार्टिनेझचा थ्रो पळणाऱ्या बॅटरच्या पाठीवर आदळून निसटला. पहिला बेस झाकायला आलेला सेकंड बेसमन त्या बॅटरने अडथळा आणला म्हणून अंपायरशी वाद घालत राहिला, चेंडू मागे गवतात पडून होता, आणि पहिल्या बेसवरचा रनर थेट होमपर्यंत पोहोचला. सामना गेला. मालिका यांकीजने जिंकली, पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकली. थ्रोच्या बिघाडाशी या प्रसंगाचा थेट संबंध जोडता येत नाही, आणि तो जोडूही नये. पण न्यूयॉर्कचे प्रेक्षक आणि वर्तमानपत्रे त्याच्या प्रत्येक चुकीकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागली, एवढे खरे.

१९९९ मध्ये एरर २६, आदल्या वर्षीच्या दुप्पट. मार्टिनेझला बेस सोडून उडी मारावी लागते, जमिनीवरून चेंडू खोदून काढावा लागतो, ही रोजची दृश्ये झाली. फर्स्ट बेसमनने वाचवलेले वाईट थ्रो एररमध्ये धरले जात नाहीत, त्यामुळे २६ हा आकडा खऱ्या बिघाडापेक्षा लहानच होता. त्याच वर्षी बॅटिंग मात्र उत्तम झाली: .२९२, १८ होम रन, १२० धावा. संघ पुन्हा विजेता. इतके सगळे चांगले चाललेले असताना थ्रोचा प्रश्न पुढे ढकलणे सोपे होते.

जून २००० मध्ये तो पुढे ढकलता येईनासा झाला. १५ जूनला यांकी स्टेडियमवर शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध तीन एरर झाले आणि तो सामना अर्ध्यावर सोडून मैदानाबाहेर गेला. दोनच दिवसांनी, १७ जूनला, तो पुन्हा सेकंड बेसवर होता. एक साधा ग्राउंडर आला, थ्रो फर्स्ट बेसमनच्या कितीतरी वरून प्रेक्षकांत गेला आणि एका महिलेच्या चेहऱ्यावर लागला. आता बिघाड फक्त धावफलकावरचा राहिला नव्हता. आपल्या थ्रोने कोणाला इजा होऊ शकते ही जाणीव घेऊन त्याला पुढचा प्रत्येक ग्राउंडर उचलायचा होता.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, खेळवत राहणे. याला भक्कम आधार होता. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या स्टीव्ह सॅक्सला नेमका हाच त्रास झाला होता. तोही सेकंड बेसमन, तोही आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित. त्या मोसमात त्याचे ३० एरर झाले, पण तो तिथेच खेळत राहिला आणि सावरला. १९८९ मध्ये, योगायोगाने यांकीजकडूनच, क्षेत्ररक्षणाच्या टक्केवारीत अमेरिकन लीगच्या सगळ्या सेकंड बेसमनमध्ये तो पहिला होता. मात्र सॅक्स तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्रास एकाच मोसमातला होता. इथे खेळाडू बत्तिशीला आलेला आणि बिघाड दुसऱ्या मोसमात शिरलेला.

दुसरा, थ्रोची पद्धत मुळातून बदलणे. वरून फेकण्याऐवजी बाजूने फेकणे, पावले वाढवून वेळच शिल्लक न ठेवणे, मुद्दाम जोरात फेकणे. असे बदल काही आठवडे उपयोगी पडतात, कारण नवी हालचाल अजून तुकड्यांत मोडलेली नसते. सवय झाली की तीही मोडू शकते. आणि चालू मोसमात, रोजच्या सामन्यांच्या मध्ये, हे शिकणे फार अवघड.

तिसरा, डेझिग्नेटेड हिटर करणे. अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू ठेवता येत असे. त्यात थ्रोचा प्रश्न उरत नाही. पण ती जागा सहसा ताकदीने मारणाऱ्याची, आणि तेव्हा नॅशनल लीगच्या मैदानांवर ती नव्हतीच.

चौथा, आउटफिल्ड, म्हणजे बेसच्या पलीकडचे मोकळे मैदान. इथला दाखला सगळ्यांत उजळ होता. अटलांटा ब्रेव्ह्जचा डेल मर्फी कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून आला, थ्रोच्या त्रासामुळे आधी पहिल्या बेसवर आणि मग आउटफिल्डमध्ये गेला आणि १९८२ व १९८३ असा लागोपाठ दोनदा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आउटफिल्डचा थ्रो लांब, पूर्ण अंगाचा, उडीच्या पावलाने घेतलेला. ती हालचालच निराळी, त्यामुळे बिघाड तिथे सहसा पोहोचत नाही.

पाचवा, काही आठवडे पूर्ण बाजूला ठेवणे. यात वाईट थ्रोची मालिका तरी तुटते.

प्रत्यक्षात काय केले

१५ आणि १७ जूनच्या मध्ये कोणताही थांबा नव्हता. मॅनेजर जो टॉरी यांनी खेळाडूवर विश्वास दाखवला, आणि त्यामागची भावना आदराचीच होती. संघाने मात्र सावधगिरी म्हणून २० जूनला डॉजर्सकडून होझे व्हिस्काइनोला आणले. शॉर्टस्टॉप, सेकंड, थर्ड, कुठेही उभा राहणारा अनुभवी इनफिल्डर. ऑगस्टमध्ये लुइस सोहो परत आला, तोही तशाच कामाचा. त्याच उन्हाळ्यात कोपराच्या दुखण्यामुळे सेकंड बेसमन काही आठवडे बाहेर होता. मोसमाअखेर सेकंड बेसवर ८२ सामने आणि १५ एरर.

ऑक्टोबरमध्ये निर्णय स्पष्ट झाला: बॅट ठेवायची, ग्लोव्ह नाही. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात, २१ ऑक्टोबरला, तो डेझिग्नेटेड हिटर होता आणि सेकंड बेसवर व्हिस्काइनो. नवव्या इनिंगमध्ये यांकीज एका धावेने मागे असताना त्याच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (स्वतः झेलबाद होऊन रनरला धाव मिळवून देणारा उंच फटका) बरोबरीची धाव आली. बाराव्या इनिंगमध्ये व्हिस्काइनोच्या चौथ्या हिटने सामना जिंकला. मेट्सच्या मैदानावर डेझिग्नेटेड हिटर नव्हता, त्यामुळे शेवटच्या तीन सामन्यांत तो सुरुवातीच्या नऊ जणांत नव्हता. पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगमधला निर्णायक हिट सोहोचा. चार महिन्यांत उभी केलेली पर्यायी व्यवस्था ऐन वेळी अशी कामाला आली. संघाच्या बाजूने पाहिले तर या प्रकरणातले सर्वोत्तम काम व्हिस्काइनो आणि सोहो यांना आणण्याचे होते.

२००१ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (मोसमापूर्वीच्या सरावात) थ्रो सुधारलेले नव्हते. टॉरी यांनी त्याला लेफ्ट फील्डमध्ये (आउटफिल्डच्या डाव्या भागात) हलवले. सेकंड बेस अल्फोन्सो सोरियानोला मिळाला, जो शॉर्टस्टॉप म्हणून वाढलेला होता आणि डेरेक जीटरमुळे ज्याची जागा अडलेली होती.

निकाल

लेफ्ट फील्डमध्ये थ्रोचा प्रश्न मिटला. २००१ मध्ये तिथे १०८ सामने झाले आणि पहिल्या बेसची ती भीती मैदानावर पुन्हा दिसली नाही. दुसरा प्रश्न मात्र उभा राहिला, आणि याकडे चर्चेत फार कमी लक्ष दिले जाते.

सेकंड बेसवर .२८०-.२९० सरासरीने खेळणारा, बेस चोरणारा खेळाडू दुर्मीळ असतो, म्हणून त्याची किंमत मोठी. लेफ्ट फील्डमध्ये प्रत्येक संघ जोरात मारणारा बॅटर उभा करतो. तीच बॅट तिथे सामान्य ठरते. त्यातच २००१ मध्ये त्याची सरासरी .२५० आणि बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .३३९ वर आले, होम रन ९. पाय अजून तेज होते, ३८ बेस चोरले. त्याच मोसमात सोरियानोने सेकंड बेसवरून १८ होम रन मारले आणि ४३ बेस चोरले. परतीचा रस्ता बंद झाला.

करार संपल्यावर तो २००२ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडे गेला. ८० सामने, सरासरी .२१०. तो त्याचा शेवटचा मोसम, वय ३४. एकूण १,८३९ हिट, ४०७ चोरलेले बेस, सरासरी .२८९, चार वर्ल्ड सीरिज. २००८ च्या हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंची मानाची यादी) मतदानात त्याला एकच मत मिळाले. १९९७ पर्यंतचा आलेख पाहिला तर हे मत फारच अपुरे वाटते, निदान हा अभ्यास लिहिणाऱ्यांना तरी.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत महत्त्वाची जागा २००० चा जून नव्हती. ती होती १९९९ चा हिवाळा. एरर दुप्पट झालेले, अवघड थ्रो नीट आणि सोपे बिघडलेले, ही खूण समोर होती. पुढे चार महिने सामने नव्हते. हालचाल बदलायची तर हीच वेळ. त्या काळात घड्याळ लावून सराव करता आला असता: चेंडू हातात आल्यापासून १ सेकंदाच्या आत सोडायचाच, म्हणजे शिल्लक वेळच राहत नाही. धावत, तिरके पाऊल टाकून, बाजूने, दरवेळी वेगळ्या कोनातून फेकण्याचा सराव. लक्ष्य फर्स्ट बेसमनचा ग्लोव्ह नको, त्याच्या मागची जाळी, आणि चेंडू कुठे लागला हे मोजायचे नाही. रोज २०-३० थ्रो पुरे. शे-दीडशे थ्रो करून 'दुरुस्त होईपर्यंत' फेकत राहिल्याने खेळाडू हालचालीकडे आणखी बारकाईने पाहू लागतो, आणि नेमके तेच टाळायचे असते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. एरर मोजू नयेत, थ्रो मोजावेत. प्रत्येक साध्या ग्राउंडरवर फर्स्ट बेसमनला पाय हलवावा लागला की नाही, एवढी एक खूण कागदावर केली तरी बिघाड एररच्या आकड्यात दिसण्याच्या कितीतरी आधी कळतो. आपल्याकडे शालेय आणि विद्यापीठ पातळीवर सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना हे आजपासून करता येईल. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, सेकंड बेसचा थ्रो आणखी आखूड, त्यामुळे ताकद आणखी रोखावी लागते.

तिसरी जागा १५ जूनची. खेळाडू स्वतः मैदान सोडून जातो तेव्हा तो मदतच मागत असतो. त्या आठवड्यात त्याला डेझिग्नेटेड हिटर ठेवून सेकंड बेसवरून दूर केले असते तर १७ जूनचा थ्रो झालाच नसता. ऑक्टोबरमध्ये जो निर्णय घेतला, तोच चार महिने आधी घेता आला असता. त्याला परत उभे करण्यामागे विश्वास होता हे मान्य, पण हजारो प्रेक्षकांसमोर तोच थ्रो पुन्हा करायला लावणे हा उपचार नाही.

चौथी जागा लेफ्ट फील्डची. दिशा योग्य होती, वेळ उशिराची. मर्फी आउटफिल्डमध्ये गेला तेव्हा पंचविशीच्या आत होता आणि त्याच्याकडे ताकद होती. ३२ वर्षांच्या, गतीवर जगणाऱ्या खेळाडूला ही जागा कारकीर्द लांबवायला पुरेशी नव्हती. सेंटर फील्ड त्याच्या पायांना अधिक शोभले असते, पण तिथे बर्नी विल्यम्स होता.

आणखी एक वाट शिकागो कब्जने पुढे दाखवली. पिचर जॉन लेस्टरला पहिल्या बेसकडे थ्रो करताना हाच त्रास होता. संघाने त्याला दुरुस्त करण्याचा हट्ट धरला नाही. रनरला बांधून ठेवण्याचे (बेस चोरू न देण्याचे) काम कॅचर डेव्हिड रॉसच्या हाताने केले आणि गरज पडेल तिथे लेस्टरला चेंडू जमिनीवर टप्पा टाकून फेकू दिला. २०१६ मध्ये ते विजेते झाले. सेकंड बेसमनचा थ्रो दर सामन्यात येतोच, त्यामुळे तो पूर्ण टाळता येत नाही. पण मुद्दाम खाली, एका टप्प्याने फेकण्याची मुभा त्याला देता आली असती. मार्टिनेझ जमिनीवरचे चेंडू उचलण्यात वाकबगार होता. टप्पा पडलेला थ्रो दिसायला वाईट असतो, पण तो फर्स्ट बेसमनच्या आवाक्यात राहतो आणि प्रेक्षकांत जात नाही.